पाचव्या पिंजऱ्यातला जावई

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या लॅबमध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या तळाच्या कप्प्यात बदलून गेलेल्या आणि निवृत्त झालेल्या माणसांच्या वस्तू पडून आहेत. चष्म्याचं घर, एकच पायमोजा, अर्धी संपलेली बामची बाटली. माणूस जातो आणि वस्तू राहते, कारण कपाटाची किल्ली माझ्याकडं असते. किस्स्यांचंही तसंच झालंय. ज्यांचे होते ते गेले, आणि सांगायला मी उरले.

मी दहावी शिकलेली. धाराशिवच्या बाहेर पिकांच्या रोगांवर काम करणारी एक लॅब आहे, तिथं पंधरा वर्षं मदतनीस आहे. काचसामान धुणं, फरशी, चहा, आणि मधली काही वर्षं सशांचं खाणंपिणं. भिशीतल्या बायका विचारतात, "झाडांच्या लॅबमध्ये ससे कशाला गं?" मी सांगायला लागते, तेवढ्यात पोहे येतात आणि राहून जातं. म्हणून एकदाचं लिहून काढते. हसू येईल तिथं हसा. मला सगळीकडं येत नाही.

०

आमच्याकडं हरभऱ्याला मर लागते. काल हिरवंगार असलेलं झाड आज मान टाकतं, आठवड्यात वाळून जातं. खोड उभं चिरलं की आत काळी रेघ दिसते. ही एका बुरशीची करणी. ती मातीत राहते आणि तिच्या जाती असतात. आमच्या लॅबला जिल्ह्यात चार जाती सापडल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली चौघी सारख्याच दिसतात. पण एका गावात जे बियाणं मरीला पुरून उरतं, तेच शेजारच्या तालुक्यात झोपतं, कारण तिथली बुरशी वेगळ्या जातीची. कोणत्या रानात कोणती आहे हे पेरून बघायचं म्हणजे अख्खा हंगाम हातचा जातो.

शिवलीला मॅडमना हेच एका दिवसात ओळखून दाखवायचं होतं, सशाच्या रक्तावरून.

शिवलीला मॅडम म्हणजे डॉक्टरेट करायला आलेली मुलगी. उमरग्याकडची, घरी कानडी बोलणारी, माझ्या थोरलीच्या वयाची. तीन वर्षांचं काम होतं. तिसऱ्या वर्षीच्या मार्चअखेर रिझल्ट दाखवला तर पदवी, नाही तर प्रकल्प बंद आणि तीन वर्षं पाण्यात. हे तिनं मला पहिल्याच दिवशी काचेच्या नळ्या धुता धुता सांगितलं. माझं एक वाईट आहे. माझ्यापुढं कुणी मनातली काळजी बोललं की ती माझीच होऊन बसते.

आमच्या लॅबच्या प्रमुखांना आम्ही नुसतं सर म्हणतो. त्यांनी मला फळ्यावर चित्र काढून समजावलं. बुरशीचा अर्क सशाला टोचायचा. सशाचं शरीर तिला शत्रू मानतं आणि तिला ओळखणारी प्रतिपिंडं तयार करतं. ती रक्तात राहतात. मग एखाद्या झाडाचा रस आणि ते रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी प्लास्टिकच्या प्लेटमधल्या बारक्या खळग्यांत एकत्र आणायचं. ओळख पटली की शेवटी पिवळा रंग येतो. नाही पटली की खळगा पांढराच राहतो.

मी मान डोलावली. मला काही कळलं नव्हतं, आणि ते सरांनाही कळलं असावं.

खाजाभाई कोपऱ्यात पिंजऱ्याची जाळी घासत होते. ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले. सशांना टोचायला आणि रक्त काढायला त्यांना आमच्याकडं घेतलं होतं. ते म्हणाले, "ताई, सोपं हाय. सशाचं रक्त म्हणजे सासूची नजर. एकदा बघितलं की जन्मभर विसरत न्हाय. चार सुना एकसारख्या लुगड्यात उभ्या करा, सासू बरोबर सांगती कोणतीनं दूध उतू घातलं."

सर फळा पुसत म्हणाले, "हे मी पुढच्या लेक्चरला घेतो."

०

पाच ससे आले. चार जातींना चार, आणि पाचवा कोरा. त्याला काहीच टोचायचं नव्हतं. त्याच्या रक्ताला कुठल्याच बुरशीची ओळख नको. त्याचे खळगे पांढरे राहिले तरच बाकीच्यांचा पिवळा रंग खरा मानायचा, असा नियम.

चौघांना एक, दोन, तीन, चार म्हणत. पाचव्याला खाजाभाईंनी पहिल्याच आठवड्यात जावई केलं. बसून खातो, काम करत नाही, आणि सगळ्यांनी त्याला जपायचं. नाव इतकं बसलं की रजिस्टरातही गेलं.

एकदा वरून एक अधिकारी आले. रजिस्टर उघडून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "जावयाचं रक्त काढलं, दोन मिली. जावई शांत होता."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. खाजाभाई पुढं होऊन म्हणाले, "साहेब, बाकीचे चौघं लाथा घालतात. ह्याचं कौतुक वाटलं म्हणून लिवलं."

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "माझा असा शांत असता तर," एवढंच म्हणाले, आणि सही करून गेले.

काम संपल्यावर चौघांचं काय होणार ते आधीच ठरलेलं होतं. भूल देऊन शेवटचं सगळं रक्त काढून घेतात. कागदावर लिहिलेलं होतं, मला माहीत होतं, मी त्याचा विचार करत नसे. जावयाला मात्र काही टोचलेलं नाही, म्हणून काम झाल्यावर त्याला घरी नेऊ का, असं मी सरांना विचारलं. सरांनी वरून परवानगी आणली आणि माझ्या नावाचा कागद मला दिला. तो मी देवघरातल्या डब्यात ठेवला.

०

सॅम्पल आणायला आम्ही गाडीनं गावोगाव जात असू. मर लागलेली झाडं मुळांसकट हवी असत. मी पिशव्या धरायला.

नळदुर्गच्या अलीकडं गुंडाप्पा म्हणून एक शेतकरी. त्यांचं रान हायवेपासून आत. शिवलीला मॅडमनी वाळलेली झाडं मागितली. त्यांनी तिच्याकडं असं बघितलं जणू तिनं जेवायच्या वेळी उष्टं मागितलं. घरी आलेल्याच्या हातात वाळकं द्यायचं नाही, ही तिकडची रीत. ते आत रानात गेले आणि टच्च भरल्या घाट्यांचे हिरवे डहाळे उपटून घेऊन आले. मॅडमनी कानडीतून समजावलं. ते पुन्हा गेले, आणि आणखी हिरवे घेऊन आले!

शेवटी मॅडमच बांध उतरून गेल्या आणि स्वतः वाळकी झाडं उपटायला लागल्या. गुंडाप्पांच्या मालकीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "एवढं शिकून पोरीला मेलेलंच आवडतंय."

वाळकी झाडं मूठभर मिळाली. हिरव्यांनी गाडीची डिकी भरली. दर वेळी असंच होई. आम्ही थोडे डहाळे सोलून खात असू, थोडे कुणी कुणी घरी नेई.

निघताना गुंडाप्पा मॅडमना एकच विचारायचे. "दोन वर्सं हे बी उभं राहिलं, तिसऱ्या वर्षी झोपलं. आता कंचं टाकू, तेवढं सांगा."

मॅडम म्हणायच्या, "पुढच्या वर्षी सांगते, काका."

दुसऱ्या वर्षीही त्यांनी हेच विचारलं, आणि मॅडमनीही हेच सांगितलं.  परतताना ढाब्यावर चहाला थांबलो तरी त्या गाडीतून उतरल्या नाहीत.

०

पहिल्या हिवाळ्यात टोचून झालं, रक्तही काढून झालं. बारक्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवलं. प्लेट वाचायचं यंत्र मात्र अजून यायचं होतं. यंत्राची वाट बघता बघता उन्हाळा आला आणि आमचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

पहिला दिवस बर्फावर काढला. दुसऱ्या दिवशी सर जिल्हाभर फोन लावत बसले. खाजाभाईंनी तोवर बाटल्या उचलल्या आणि ओळखीच्या एका कोल्ड्रिंकवाल्याच्या दुकानात नेल्या. तिथली लाईन वेगळी होती. दुकानदारानं फ्रीजचा तळाचा खण मोकळा करून दिला. सगळ्यांना वाटलं, वाचलं.

दुकानदाराची बायको माहेरी गेली होती. ती आली, तळाच्या खणात बघते तर बारक्या बारक्या बाटल्या, आत तांबूस-पिवळं पाणी, झाकणाला गुंडाळलेल्या चिकटपट्टीत पांढरे केस अडकलेले. ते सशाचे केस. आमच्या खोलीत ते सगळीकडं असायचे, चहातसुद्धा निघायचे. त्या बाईला कसं कळणार? तिनं नवऱ्यालाही विचारलं नाही. बाटल्या फडक्यात बांधल्या, वरून मीठ टाकलं आणि ओढ्यात सोडून आली.

दुसऱ्या दिवशी खाजाभाई गेले. तिनं त्यांना बाजूला घेतलं. "भाई, तुम्हाला म्हणून सांगते. आमच्यावर कुणीतरी जळतंय. फ्रीजमध्ये करणी ठेवली होती. बरं झालं वेळेवर दिसली."

खाजाभाईंनी रिकाम्या खणात एकदा वाकून बघितलं. मग म्हणाले, "हौ भाभी. लई बरं झालं."

लॅबमध्ये येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा शिवलीला मॅडम आधी हसल्या. मग त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं आणि पुढचे महिने बोटांनी मोजले.

०

दुसरा हिवाळा यंत्राची वाट बघण्यातच गेला. तिसऱ्या हिवाळ्यात सगळं पहिल्यापासून. यंत्र आलं होतं. चौघांना पुन्हा टोचून झालं. पुढच्या सोमवारी रक्त काढायचं होतं, आणि आदल्या शनिवारी लग्न होतं.

लग्न आमच्या मागच्या मंगल कार्यालयात. लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला निघतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. मारुतीची वाट सशांच्या खोलीच्या खिडकीखालून जाते. ससा आवाजानं दगावतो, हे खाजाभाईंना माहीत. ते तसेच चप्पल न घालता रस्त्यावर गेले आणि घोड्यापुढं उभे राहिले.

नवरदेवाचा मामा म्हणाला, "सशापायी परण्या थांबवायचा? घोडं भ्यालं न्हाय अजून, आन् तुमचा ससा भितोय."

पण नवरदेव भला होता. घोड्यावरूनच म्हणाला, "मामा, बंद करा बँड. मुकं जनावर हाय."

बँड थांबला. सगळी वरात चपलांच्या आवाजात पुढं सरकायला लागली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी खिडकीतून हात जोडले. घोडा गेला, बँड गेला, आता संपलंच म्हणताना वरातीच्या शेपटाला एक गृहस्थ राहिले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बरोबर खिडकीखाली तेरखेड्याच्या फटाक्यांची लांबलचक माळ पसरली आणि काडी लावली.

धूर गेला तेव्हा तीन नंबर आडवा पडला होता. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. हातात घेतला तर गरम होता. खाजाभाईंनी सुई लावून बघितली, रक्त थेंबभरसुद्धा आलं नाही.

तिसऱ्या जातीची ओळख त्या एकट्याच्या रक्तात होती. नवा ससा आणून त्याला टोचायचं, तर तीन-चार महिने लागणार. मार्च तेवढा लांब नव्हता.

रजिस्टरात खाजाभाईंनी लिहिलं, "नंबर तीन. मृत्यूचं कारण: लग्न."

सरांनी ते खोडलं आणि वर लिहिलं, "हृदयक्रिया बंद पडणे."

खाजाभाई म्हणाले, "एकच की सर."

०

उरलेल्या तिघांचं आणि जावयाचं रक्त काढलं. पहिली प्लेट लावली त्या दिवशी सगळे यंत्राभोवती जमलो. एक नंबरनं आपली जात ओळखली, दोननं ओळखली, चारनं ओळखली. पिवळे खळगे बघून मी टाळी वाजवणार होते.

मग मॅडमचं बोट खालच्या ओळीवर गेलं. ती जावयाची ओळ. त्याच्यापुढं चारही जाती एकत्र कालवून ठेवल्या होत्या. त्याला कुणीच ओळखीचं नको होतं. त्याचे खळगे पिवळे झाले होते.

जिथं कोरा पिवळा होतो, तिथं कुणाच्याच पिवळ्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणजे प्लेट फुकट.

पुन्हा लावली. पुन्हा पिवळा. पाणी बदललं, मीठ बदललं, प्लेटा बदलल्या. सल्ले देणारे वाढले. ऑफिसातल्या एकानं यंत्राला लिंबू-मिरची बांधायला सांगितलं. सरांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो दोन दिवस आमच्याकडं आला नाही. पण तिसऱ्या दिवशी यंत्राच्या मागं, वायरींच्या आड, लिंबू होतंच. कुणी बांधलं ते मी विचारलं नाही. सरांच्या खिशाला पिवळा दोरा चिकटलेला होता, तेही बोलले नाही.

प्लेटा धुण्याचं काम माझं. एका दुपारी मॅडम प्लेट बघून माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ताई, तुम्ही नीट धुतलं नाही."

अकरा वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी प्लेटा घेऊन नळाखाली उभी राहिले आणि धूत राहिले.

तेवढ्यात मॅडमच्या आईचा फोन आला. व्हरांड्यात जाऊन त्या बोलायला लागल्या. माझं माहेर नळदुर्गचं, मला कानडी कळतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आई काय विचारत होती ते ऐकू येत नव्हतं. मॅडम भिंतीला डोकं टेकवून, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या. "एल्ला छलो अद, अव्वा." म्हणजे सगळं छान चाललंय, आई.

०

पुढचा किस्सा माझा आहे.

जेवणाच्या सुट्टीत मॅडम वही उघडून स्वतःशीच बोलत होत्या. ओळख झाल्याशिवाय रंग येत नाही. मग ह्याची ओळख झाली कुठं? ह्याला सुई लागली नाही, मग झाली कुठं?

माझा घास हातातच राहिला.

मी विचारलं, "मॅडम, तोंडानं भेट झाली तरी ओळख होते का?"

"म्हणजे?"

मी "काही नाही" म्हणाले आणि डबा बंद केला. दोन दिवस काही नाहीच म्हणत होते. तिसऱ्या दिवशी सर, मॅडम, खाजाभाई तिघंही असताना सांगून टाकलं.

चौघा सशांना रोज कुणीतरी हातात घ्यायचं. वजन करायचं, कान बघायचा, टोचलं की खाजाभाई पाठीवरून हात फिरवायचे. जावयाला महिन्यातून एकदा. बाकी दिवस तो कोपऱ्यात बसून त्या चौघांकडं बघत असायचा. पिंजऱ्यातल्या कोरड्या गोळ्या खायच्या आणि बघत बसायचं. मला ते बघवत नसे. म्हणून मी त्याला डिकीतले डहाळे द्यायची. माझ्या हातानं एकेक. डहाळे संपले की सॅम्पल कापून उरलेली झाडं, वाळकं काढून हिरवं तेवढं. एक हिवाळा आणि दुसराही. चौघांना कधी दिलं नाही, त्यांच्या कामात ढवळाढवळ नको म्हणून. जावयाला काय, त्याचं कामच नव्हतं.

मर लागलेल्या रानातलं हिरवं झाडसुद्धा आतून लागलेलं असतं, हे मीच लोकांना सांगत असे.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सर बराच वेळ पेनचं टोपण काढघाल करत बसले. मग म्हणाले, "अकरा वर्षांत तुम्ही सांगितल्यापेक्षा वेगळं काही केलं नाहीत. आणि केलंत ते हे."

मॅडम उठून बाहेर गेल्या. अर्ध्या तासानं परत आल्या, डोळे धुऊन. माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "कोणत्या गावचे डहाळे, ताई?"

"गुंडाप्पांच्या रानातले. दोन्ही वर्षं तेच जास्त."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. वही मिटताना म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला नीट धुतलं नाही म्हणाले."

मी म्हणाले, "असू द्या, मॅडम."

"मॅडम नका म्हणू," ती म्हणाली.

०

खाजाभाईंनी शहरातल्या एका ओळखीच्या घरून, फक्त गवतावर वाढलेल्या सशाचं थोडं रक्त काढून आणलं. नवा कोरा. प्लेट लावली. त्याचे खळगे पांढरे राहिले, दुधासारखे. म्हणजे एक, दोन आणि चार आता खरे झाले. राहिली फक्त तिसरी जात, जिचा ससा लग्नात गेला होता.

शिवलीलाच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. तिनं जावयाचं रक्त पुन्हा काढलं. आधी चारही जाती कालवून त्याच्यापुढं ठेवल्या होत्या. ह्या वेळी चौघींना वेगवेगळ्या खळग्यांत ठेवलं. पहिली पांढरी, दुसरी पांढरी, चौथी पांढरी. तिसरी पिवळी!

तिसरी जात सापडली होती नळदुर्गकडं. गुंडाप्पांच्या रानात.

तीन वेळा लावून बघितली. तिन्ही वेळा तेच. खाजाभाईंनी प्लेट उजेडात धरली आणि म्हणाले, "आला. जावई कामाला लागला."

आम्ही सगळे हसलो. इतक्या दिवसांनी त्या खोलीत हसण्याचा आवाज झाला. शिवलीलानं माझे दोन्ही हात धरले.

सर हसत नव्हते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

०

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. रिझल्ट वेळेत गेला. शिवलीला आता डॉक्टर शिवलीला आहे, लातूरकडं एका कॉलेजात शिकवते, सणाला फोन करते आणि माझ्याशी कानडीत बोलते. गुंडाप्पांना कोणतं बी टाकायचं ते तिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्यांचं रान आता उभं असतं. सशांची खोली बंद झाली, तिथं खुर्च्या ठेवतात.

राहिला तो मधला एक दिवस.

जावयाच्या रक्तातली ओळख पातळ होती. टोचलेल्या सशाइतकी दाट नव्हती. सगळ्या गावांची झाडं तपासायची, प्रत्येक तीनदा, म्हणजे रक्त पुष्कळ लागणार. थोडं थोडं काढत बसायला दिवस नव्हते. सरांनी हे आम्हाला एकदाच सांगितलं आणि पुढचं वाक्य बोललेच नाहीत.

शिवलीला म्हणाली, "सर, मी तीनच जातींवर लिहिते. तिसरी सोडून देते."

"परीक्षक पहिलं तिचंच विचारतील. आणि तिसरी सोडली तर त्या काकांना काय सांगशील? पुढच्या वर्षी?"

 सर माझ्याकडं वळले. "ससा तुमच्या नावावर दिलेला आहे, ताई. तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला."

शिवलीला माझ्याकडं बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, मला अडचण होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवघरातल्या डब्यातला कागद आणून सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तो उचलला नाही. मीच तो फाईलमध्ये लावला, कारण फाईल लावायचं काम माझंच.

एक, दोन आणि चार आदल्या आठवड्यात गेले होते. त्यांच्या वेळी खाजाभाई सारखं काहीतरी बोलत होते, नळदुर्गच्या उरुसाचं, दवाखान्यातल्या एका चावऱ्या घोड्याचं. आज खोलीत ते आणि मी दोघंच, आणि ते गप्प होते. शिवलीला बाहेर पायरीवर बसली होती. मी पिंजरा उघडला. तो आपणहून पुढं आला. त्याला टॉवेलात घेतलं. त्याचं नाक माझ्या मनगटावर हलत होतं.

खाजाभाईंनी भुलीची सुई भरली, ट्रेमध्ये ठेवली आणि हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

"ताई," ते म्हणाले, "जावई ही आमची थट्टा झाली. तुम्ही एकट्या असताना ह्याला काय म्हणता?"

मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं.

खाजाभाई खाली वाकले आणि त्यांनी हळूच ते नाव घेतलं.

त्यानं कान उभे केले.